महागडे आसन आणि त्याखालची जागा : मांजरीसह केलेल्या फर्स्ट क्लास प्रवासाचे परीक्षण

आमच्या मांजरीचे नाव सुंठी. वय अकरा वर्षे, वजन साडेचार किलो, रंग नावाप्रमाणे. तिची प्रवासाची बॅग मऊ कापडाची असून ती १८ इंच लांब, ११ इंच रुंद आणि ११ इंच उंच आहे. ही मापे सुरुवातीलाच सांगतो आहोत याचे कारण असे की, गेल्या वर्षी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला बिऱ्हाड हलवताना आम्ही जे जे मनसुबे रचले, ते सारे शेवटी या तीन आकड्यांपाशी येऊन अडले. नवरा नव्या नोकरीसाठी महिनाभर आधीच पुढे गेला होता, सामान ट्रकने जाणार होते आणि मांजरीला घेऊन मी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून सॅन फ्रान्सिस्कोला जायचे, असे ठरले होते. पश्चिमेकडे जाताना हा प्रवास विमानात साधारण साडेसहा तासांचा पडतो. घर ते घर धरले तर अकरा-बारा तासांचा.

एवढ्या वेळात मांजरीला गर्दीचा आणि गोंगाटाचा त्रास होऊ नये, या सद्हेतूने (आणि वर्षानुवर्षे साठलेल्या पॉइंटांना एकदाची सद्गती मिळावी, या किंचित कमी सात्त्विक हेतूने) मी सर्वांत वरच्या वर्गाचे तिकीट काढले. आसन पूर्ण सपाट होऊन त्याचा पलंग होतो, तो वर्ग. कंपनीचे नाव येथे देत नाही. संकेतस्थळाने पॉइंट आणि वरचे पैसे बिनतक्रार कापून घेतले. पाळीव प्राण्याची नोंद मात्र तिथे होत नव्हती, त्यासाठी फोन करावा लागला. पलीकडच्या बाईंनी मांजरीचे वजन आणि बॅगेची मापे विचारून घेतली व नोंद झाल्याचे सांगितले. निघायला आठ दिवस उरले असताना केवळ खात्रीसाठी मी पुन्हा फोन केला, तेव्हा दुसऱ्या एका गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने कळवले की, त्या वर्गात मांजर नेताच येत नाही. इकॉनॉमीत नेता येते, परंतु त्या विमानापुरती प्राण्यांची ठरलेली संख्या आता भरली आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी त्या दिवशी इंग्रजीत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही.

राग ओसरल्यावर नियम वाचले आणि मग लक्षात आले की, त्या गृहस्थांचे म्हणणे चुकीचे नव्हते. चूक पहिल्या फोनवर झाली होती. अमेरिकेत प्राणी केबिनमध्ये घ्यावा की घेऊ नये, याचा निर्णय तेथील विमान वाहतूक प्रशासन प्रत्येक कंपनीवर सोपवते. पण एकदा घेतला की तो ज्या बॅगेत किंवा पिंजऱ्यात असेल, त्याला हातातल्या सामानाचेच नियम लागू होतात. म्हणजे ती वस्तू आसनाखाली पूर्ण मावली पाहिजे, आपल्या रांगेतून बाहेर पडण्याच्या वाटेत येता कामा नये, विमानाचे शेवटचे दार बंद होण्याआधी जागच्या जागी गेली पाहिजे आणि विमान जमिनीवर धावत असताना, उडताना व उतरताना तेथून हलता कामा नये. आता पलंगासारखे सपाट होणारे आसन डोळ्यांसमोर आणावे. त्याच्या पुढे दुसऱ्या कोणाच्या आसनाची मोकळी खालची बाजू नसते. तिथे पाय घालण्यासाठी केलेला एक कोनाडा असतो, आणि उड्डाणाच्या वेळी त्यात सामान ठेवू देत नाहीत. स्वतःच्या आसनाखाली आसन हलवणारी मोटर आणि तिचा सरंजाम असतो. थोडक्यात, तिथे माणसाला आडवे होण्यासाठी साडेसहा फूट आहेत आणि मांजरीला बसण्यासाठी अकरा इंचही नाहीत.

हा काही एकाच कंपनीचा खाक्या नाही. डेल्टाच्या डेल्टा वन या सपाट पलंगाच्या वर्गात प्राणी नेता येत नाहीत. युनायटेडने बोईंग ७५७, ७६७, ७७७ आणि ७८७ या विमानांच्या प्रीमियम केबिनसाठी हीच मनाई केली आहे आणि कारणही हेच दिले आहे. एअर फ्रान्स आणि केएलएम लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर बिझनेस क्लासमध्ये प्राणी घेत नाहीत, मात्र युरोपातल्या छोट्या उड्डाणांवर केएलएम तोच वर्ग प्राण्यांना खुला ठेवते. पहिल्या वाचनात हे गोंधळाचे वाटते. पण युरोपातल्या छोट्या विमानांत बिझनेस क्लासचे आसन म्हणजे बहुधा इकॉनॉमीचेच आसन असते, फक्त शेजारची जागा रिकामी ठेवलेली असते, हे ठाऊक असले की कोडे सुटते. आसन साधे, म्हणून खाली जागा. खाली जागा, म्हणून मांजरीला प्रवेश. तिकिटावर छापलेल्या वर्गाच्या नावाशी त्याचा संबंध नाही.

या अडचणीवर अमेरिकन एअरलाइन्सने एके काळी फार कल्पक तोड काढली होती. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या तिच्या ए३२१टी या खास विमानांमध्ये, साधारण २०१४-१५ पासून, फर्स्ट क्लासमध्ये प्राण्यांसाठी छोटे बंदिस्त कप्पे बसवले होते. उड्डाण, अवतरण आणि हवेतले धक्के यांच्या वेळी प्राणी त्या कप्प्यात ठेवायचा. केवळ दोन प्राण्यांची सोय होती, आणि अशी विमाने जेमतेम सोळा-सतरा होती. तरीही महागड्या आसनाखाली जागा नसते हे प्रामाणिकपणे मान्य करून वेगळी जागा निर्माण करणारा हा एकमेव प्रयत्न माझ्या पाहण्यात आला. तो इतर विमानांत पसरला नाही, याचे मला वाईट वाटते. दोन मांजरांच्या कप्प्याला लागते किती जागा, मद्याच्या ट्रॉलीएवढीच.

आता मी प्रत्यक्ष ज्या सेवेने गेले तिच्याविषयी. पहिले तिकीट रद्द करून मी दुसऱ्या एका कंपनीचे देशांतर्गत फर्स्ट क्लासचे तिकीट घेतले. हा फर्स्ट क्लास म्हणजे एकाच मार्गिकेच्या विमानात पुढे दोन-दोन आसनांच्या काही रांगा, रुंद आणि मागे रेलणाऱ्या खुर्च्या. पलंग वगैरे नाही. माझे तिकीट ७४० डॉलरचे झाले, त्याच विमानातली इकॉनॉमी त्या दिवशी ३१० डॉलरला मिळत होती. मांजरीचे दीडशे डॉलर वेगळे. हे दीडशे डॉलर कोणत्याही वर्गात सारखेच पडतात आणि फर्स्ट क्लासचे तिकीट घेतले म्हणून त्यात सवलत मिळत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. दोन मोफत बॅगा, मोफत पेये, मोफत जेवण, आणि आसनाखालच्या ज्या जागेत एरवी आपण चपला सरकवतो तिचे दीडशे डॉलर. वर त्या बॅगेची गणना तुमच्या हातातल्या सामानात होते. काही कंपन्यांनी अलीकडे याबाबतीत थोडी ढील दिली आहे, पण ती गृहीत धरू नये.

फोनवर नोंद करताना या वेळी मी तीन प्रश्न विचारले: विमान कोणत्या बनावटीचे आहे, माझ्या रांगेपुढच्या आसनाखाली किती इंच जागा आहे, आणि पहिल्या रांगेत आसन मिळाले तर काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अपेक्षित होते. पहिल्या रांगेपुढे भिंत असते, आसन नसते, म्हणून तिथे प्राणी नेता येत नाही. आणीबाणीच्या दाराजवळच्या रांगेचेही तसेच. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पलीकडून थेट इंचांत उत्तर मिळाले, आणि या कंपनीला मी पहिला गुण तिथेच दिला. मला तिसऱ्या रांगेत खिडकीजवळची जागा मिळाली.

विमानतळावर फर्स्ट क्लासचा पहिला उपयोग काउंटरवर झाला. मांजर बरोबर असली की घरबसल्या बोर्डिंग पास हाती पडत नाही, काउंटरवर जाऊन शुल्क भरावे लागते आणि बॅगेला चिठ्ठी लावून घ्यावी लागते. सामान्य रांगेत चाळीसेक माणसे उभी होती, आमच्या रांगेत दोघे. सुंठीचे ओरडणे गाडीत बसल्यापासून सुरू होते, आणि मांजर ओरडत असताना रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले असेल त्याला या पंधरा मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको.

त्यानंतर सुरक्षा तपासणी. इथे तुमचा वर्ग कोणता, याला फारसे महत्त्व नाही. मांजरीला बॅगेतून बाहेर काढावे लागते, रिकामी बॅग क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते आणि मांजरीला कडेवर घेऊन आपण धातुशोधक चौकटीतून चालत जायचे. मग आपल्या हातांवर एक कापडी पट्टी फिरवून ती तपासतात. सगळ्या प्रवासात मांजर हातातून सुटण्याचा खरा धोका याच दोन मिनिटांत असतो. म्हणून दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. अंगाला नीट बसणारा पट्टा घरूनच घालून आणावा, गळ्यातला नुसता पट्टा कामाचा नाही. आणि बंद खोलीत तपासणी करावी अशी विनंती करावी. ही विनंती करण्याचा हक्क प्रवाशाला आहे, तिथे कोणी नाक मुरडत नाही. मला दहा-बारा मिनिटे थांबावे लागले. खोलीत सुंठीने एका अधिकाऱ्याच्या टोपीत बसण्याचा प्रयत्न केला, त्याखेरीज काही घडले नाही.

लाउंजमध्ये बॅग बंद ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. याचा मला वाटला त्याहून अधिक उपयोग झाला, कारण तिथल्या प्रशस्त, अपंगांसाठीही सोयीच्या स्वच्छतागृहाला आतून कडी होती. जमिनीवर शोषक कापड अंथरून, बरोबर आणलेली मूठभर रेती त्यावर पसरून मी मांजरीला दहा मिनिटे मोकळे सोडले. तिने त्या रेतीकडे पाहिलेही नाही, पण पाठ ताणली, भिंतींचा वास घेतला आणि तिचे ओरडणे थांबले. अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर टर्मिनलच्या आत प्राण्यांना विधीसाठी जागा ठेवणे २०१६ पासून बंधनकारक आहे, हे खरे. पण त्या जागा साहाय्यक कुत्र्यांचा, म्हणजे अपंग प्रवाशांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्यांचा, विचार करून केलेल्या आहेत. तिथे हिरवळीसारखी चटई असते आणि तिला आधीच्या पन्नास कुत्र्यांचा वास असतो. मांजर तिथे नेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

विमानात आधी चढण्याचा मान फर्स्ट क्लासला मिळतो. या मानाचा मी मोह टाळला आणि तो टाळावा असेच सुचवते. आधी चढणे म्हणजे मागाहून येणाऱ्या दीडशे माणसांनी आणि त्यांच्या चाकांच्या बॅगांनी तुमच्या शेजारून जाणे. मांजरीच्या कानांच्या उंचीवर ती चाके खडखडत जातात. पण शेवटी चढले तर वरच्या कप्प्यात बॅग ठेवायला जागा मिळत नाही, ही इकॉनॉमीतली नेहमीची काळजी. पुढच्या वर्गात ती नसते. म्हणून मी जवळजवळ शेवटी चढले आणि चार मिनिटांत दार बंद झाले. पुढच्या वर्गाचा मांजरीला झालेला सर्वांत ठोस लाभ कोणता असे विचारले, तर तो हा, उशिरा चढण्याची मुभा.

आसनाखालची जागा सांगितल्याप्रमाणे होती, पण पूर्णपणे नव्हे. लांबी-रुंदी ठीक होती, उंचीत मात्र एका कोपऱ्यातून विजेच्या तारांची एक पेटी खाली आली होती, कारण रुंद खुर्चीला पडदा, दिवा आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय असते आणि त्या सोयींचे पोट कुठेतरी ठेवावे लागते. मऊ कापडाची बॅग तिथे दोन इंच दबली. कडक प्लॅस्टिकचा पिंजरा असता तर तो आत गेलाच नसता. त्यानंतर मागे जाऊन मी इकॉनॉमीतल्या एका रिकाम्या आसनाखाली पाहून आले (सेविकेने कारण विचारले, मी खरे ते सांगितले). तिथे अशी पेटी नव्हती आणि उंची पूर्ण मोकळी होती. ७४० डॉलर भरून मी ज्या जागेत मांजर ठेवली, तिच्याहून थोडी बरी जागा ३१० डॉलरवाल्याच्या पायापुढे होती.

तरीही त्या साडेसहा तासांत पुढच्या वर्गाचे काही फायदे नाकारता येणार नाहीत. पाय आणि पुढचे आसन यांत पुरेसे अंतर असल्यामुळे मला वाकून बॅगेच्या जाळीत दोन बोटे घालता येत होती. इकॉनॉमीत पुढच्या प्रवाशाने पाठ मागे टाकली की माणूस वाकूच शकत नाही. शेजारी एकच प्रवासी होता. त्याला मांजरांची ॲलर्जी असती, तर त्याला किंवा मला हलवायला केबिनमध्ये फारशी जागा नव्हती, ही या छोट्या वर्गाची अडचणीची बाजू. सुदैवाने ते गृहस्थ दोन मांजरांचे मालक निघाले आणि त्यांनी मला त्यांच्या फोनमधली छायाचित्रे कोलोरॅडो ओलांडेपर्यंत दाखवली. जेवण गरम आले. सुंठी उपाशी होती, कारण निघण्याआधी पाच तास तिला खायला दिले नव्हते. माझ्या ताटातला मासा मात्र तिच्या नाकापासून हातभर अंतरावर होता. पुढच्या वेळी शाकाहारी जेवण मागवेन, हा धडा कुठल्याही नियमावलीत लिहिलेला नाही. हवेचे म्हणाल तर केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात, म्हणजे महाबळेश्वरहून बरेच वर. पहिल्या रांगेत आणि शेवटच्या रांगेत तो सारखाच. विमान खाली उतरताना कानांत होणारा त्रासही सारखाच, आणि त्या अर्ध्या तासात सुंठी पुन्हा ओरडली.

औषधाबाबत एक मुद्दा, कारण या प्रवासाची जी काही शांतता लाभली ती आसनापेक्षा त्यामुळे अधिक लाभली असे मला वाटते. गुंगीच्या औषधाने प्राण्याला झोपवून विमानात नेण्याला अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेचा विरोध आहे. उंचीवर श्वास आणि रक्तदाब यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. भीती कमी करणारी औषधे ही निराळी गोष्ट. मांजरांसाठी गॅबापेंटिन हे औषध पशुवैद्य बरीच वर्षे देत आले आहेत, आणि प्रवासाच्या भीतीवरचे बोंकॅट नावाचे औषध नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने मांजरांसाठी मंजूर केले. आमच्या डॉक्टरांनी गॅबापेंटिन दिले, पण त्याआधी एका रविवारी घरीच त्याचा प्रयोग करून पाहायला लावले. त्या रविवारी सुंठी झोकांड्या देत सोफ्यापर्यंत गेली आणि तिथे जिवावर उदार होऊन पडून राहिली. मात्रा कमी करावी लागली. हा प्रयोग विमानात पहिल्यांदा झाला असता तर माझी काय गत झाली असती, याची कल्पना करवत नाही. नव्या बॅगेचेही तसेच. ती महिनाभर आधी आणून, दार उघडे ठेवून, आत माझा जुना स्वेटर घालून दिवाणखान्यात ठेवली होती. हे शहाणपण फुकट आहे आणि कोणत्याही वर्गात चालते.

पैसा हाच प्रश्न नसेल तर काय मिळते, हेही पाहून ठेवले होते. बार्क एअर ही सेवा २३ मे २०२४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्सहून लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसला सुरू झाली. गल्फस्ट्रीम जातीचे खाजगी विमान, ज्यात कुत्रा मालकाशेजारी आसनावर बसतो, आणि सुरुवातीचा दर एका माणसासह एका कुत्र्याला एका बाजूचे सहा हजार डॉलर. लंडनचे आठ हजार. त्या सेवेचा सगळा थाट कुत्र्यांसाठीचा आहे आणि चाळीस किलोच्या लॅब्राडॉरच्या मालकाला दुसरा पर्याय विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्याचाच असतो, हे लक्षात घेतले तर सहा हजारांमागचे दुखणे समजते. साडेचार किलोच्या मांजरीसाठी तो नाकापेक्षा मोती जड. इटलीत मात्र याच दुखण्यावर सामान्य विमानात उपाय निघू लागला आहे. २०२५ मध्ये तेथील नियामकाने मोठ्या कुत्र्यांना केबिनमध्ये परवानगी देण्याची वाट मोकळी केली आणि त्याच सप्टेंबरात मिलानहून रोमला जाणाऱ्या एका उड्डाणात दोन मोठे कुत्रे मालकांशेजारी बसून गेले. तिथेही प्रश्न जागेचाच होता. फक्त ती आसनाखाली न शोधता आसनावर दिली गेली.

भावनिक आधाराच्या नावाखाली प्राणी मांडीवर घेऊन फर्स्ट क्लासने जाण्याची जुनी पळवाट आता उरलेली नाही, हेही सांगायला हवे, कारण न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात अजूनही कोणीतरी आत्मविश्वासाने तो सल्ला देते. ११ जानेवारी २०२१ पासून अशा प्राण्यांना साहाय्यक प्राणी मानण्याचे बंधन कंपन्यांवर राहिलेले नाही. २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवाशाने भावनिक आधारासाठी चक्क मोर आणला होता आणि युनायटेडने तो घेतला नाही. आपल्याकडे कार्तिकेयाचे विमान तेच असले तरी अमेरिकेत त्याला आसनाखाली मावावे लागते.

भारतात जाणाऱ्यांनी हा लेख वाचून उत्साहात तिकीट काढू नये. एमिरेट्सच्या केबिनमध्ये मांजर किंवा कुत्रा जात नाही. अंधांचे वाटाडे कुत्रे आणि पाकिस्तानच्या काही मार्गांवर बहिरी ससाणे, एवढेच अपवाद आहेत. म्हणजे तिथे केबिनमध्ये ससाणा बसू शकतो, सुंठी नाही. एतिहाद बॅगेसह आठ किलोपर्यंतचे मांजर किंवा लहान कुत्रा केबिनमध्ये घेते. ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या नेहमीच्या प्रवासी उड्डाणांत साहाय्यक कुत्र्यांखेरीज कोणताही प्राणी केबिनमध्ये आणता येत नाही, तुम्ही कितीही महाग आसनावर बसा. भारताच्या आत अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये प्राणी घ्यायला सुरुवात केली, आधी सात किलोपर्यंत आणि नंतर दहा किलोपर्यंत. त्या कंपनीला वरचा वर्गच नाही, आणि मांजरीच्या दृष्टीने ती चांगलीच बातमी आहे. या सगळ्यात मला वारंवार आठवत राहिला तो आपल्या रेल्वेचा फर्स्ट एसीचा कूपे. दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची आख्खी केबिन आपल्या नावावर घेतली की कुत्रा आपल्याबरोबर, आपल्या पायाशी, दार लावून घेऊन जाऊ शकतो. लहानपणी काकांचा अल्सेशियन मुंबईहून नागपूरला असा गेलेला मी पाहिला आहे, आणि तो कोणाच्या आसनाखाली बसला नव्हता. उलट काकाच अंग चोरून बसले होते.

गुण द्यायचे झाले तर या फर्स्ट क्लासला मी माणसासाठी पाचापैकी चार आणि मांजरीसाठी अडीच देईन. पाचमधला एक गुण कमी केला तो आसनाखालच्या पेटीबद्दल आणि शुल्काबद्दल. अडीचमधले दोन गुण काउंटरच्या रांगेचे आणि उशिरा चढण्याच्या मुभेचे आहेत, उरलेला अर्धा पाय पसरण्याच्या जागेचा. प्रवासी एकटा असेल, मांजर म्हातारी किंवा फार भित्री असेल आणि दरातला फरक दोनशे-अडीचशे डॉलरच्या आत असेल, तर हा वर्ग घ्यावा. फरक माझ्यासारखा सव्वाचारशेच्या पुढे असेल, तर त्याच पैशात इकॉनॉमीतले शेजारचे आसन विकत घेऊन ते रिकामे ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, अर्थात बॅग तेव्हाही खालीच राहील. सपाट पलंगाच्या वर्गाचा विचार मांजर बरोबर असताना करूच नये.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर बाहेर पडताना प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी विमानतळाने नेमलेल्या प्राण्यांच्या पथकाचा फलक दिसला. २०१३ पासून चालणाऱ्या या पथकात कुत्रे आहेत, एक डुक्कर होते, आणि २०२३ मध्ये एक काळा-पांढरा बोकाही दाखल झाला. सुंठीने त्या फलकाकडे लक्ष दिले नाही. येत्या मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही तिघे परत न्यू जर्सीला जाणार आहोत. तिकिटे इकॉनॉमीची काढली आहेत, रांग चौदावी, खिडकी आणि मधले आसन, पुढच्या आसनाखाली पेटी नाही याची फोनवर खात्री करून. आणि दोघांचेही जेवण शाकाहारी.